गच्ची, स्वयंपाकघर आणि दुर्सफची खोली

सफाक्स, ३ जुलै

चि. दुर्सफ हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझी आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आलीस आणि जाता जाता तिचा संगणकही आवरून गेलीस. पोरी, काय करून ठेवलंस गं हे! फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

त्या स्टार्ट मेन्यूत तिनं आपलं घरच मांडलं होतं. स्वयंपाकघर उघडलं की पाककृती, दिवाणखान्यात गाणी, गच्चीवर ताऱ्यांचा नकाशा. पूर्वी उन्हाळ्यात आम्ही वर गाद्या टाकायचो. माझे गुडघे जिना चढेनात, तेव्हा ती मला या पडद्यावरच्या गच्चीवर न्यायला लागली. कानामागं मोगऱ्याचा गुच्छ खोचून बसायचो, तारे सरकत राहायचे, डोळा कधी लागायचा कळायचंही नाही. तू सगळं वर्णक्रमानं उभं केलंयस, शाळेत प्रार्थनेला करतात तसं.

तारे मी हुडकले. पण ‘दुर्सफची खोली’ कुठाय? ती मला हवी. ती गेली असेल, तर माझं काही खरं नाही बघ.

तब्येतीला जप, माया पातळ होऊ देऊ नकोस.

बाबा


लिऑं, ९ जुलै

ती. बाबांना सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तुम्हाला शोधाशोध नको म्हणून आवरलं हो, आईला पुसायला नव्हे.

त्या खोलीत माझा लहानपणचा चित्रांचा खेळ होता. तोही नुसता शॉर्टकट, म्हणजे दारावरची पाटी. खरा खेळ जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला. टिचकी मारली की ‘सापडत नाही’ एवढंच यायचं. म्हणून काढली. तुम्हाला कशाला हवी ती?

पण घाबरू नका. पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली उघडा, माझ्या नावावर उजवं बटण दाबा आणि परत ठेवा म्हणा. टोपली मात्र रिकामी करू नका! शेजारच्या हमादीकाकांना तर जवळही फिरकू देऊ नका, त्यांना आवराआवरीची भारी हौस. माझ्यासारखीच.

रागावलात तरी लोभ असू द्या.

दुर्सफ


सफाक्स, १५ जुलै

चि. दुर्सफ हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा हमादी संगणकापुढंच बसला होता. म्हणाला, कचरा फार झालाय, फेकतो. मी त्याला दंडाला धरून उठवलं. रुसलाय.

खोली मिळाली गं. कशाला हवी म्हणून विचारतेस? तू परदेशी गेल्यापासून तुझी आई रोज संध्याकाळी त्या खोलीवर टिचकी मारायची. ‘सापडत नाही’ आलं की माझ्याकडं बघून म्हणायची, आली नाही हो अजून घरी. मग उठून पुदिन्याचा चहा टाकायची. आजारपणातही तिनं हे सोडलं नाही.

काल मी मारली. संगणकानं विचारलं, ही पाटी निकामी झालीय, काढून टाकू का? नाही म्हटलं. मग ताऱ्यांत जाऊन बसलो आणि तिला सांगितलं, आली नाही गं अजून.

असो. पत्र लिहीत जा, तेवढंच बरं वाटतं.

बाबा


लिऑं, २२ जुलै

ती. बाबांना सा. न.

मला हे कुणीच कधी सांगितलं नाही हो, बाबा.

रजा घेतलीय. शनिवारी संध्याकाळी पोचते. त्या दिवशी टिचकी मारू नका, मी आल्यावर मारीन. संगणक सापडत नाही म्हणेल. म्हणू दे त्याला. तुम्ही चहात पुदिना जरा जास्त घाला. गाद्या मी वर नेते, मग तुम्हाला हात धरून नेते, एकेक पायरी. खऱ्या गच्चीवर. आईला दोघं मिळून सांगू.

तुमची,
दुर्सफ