सगळ्यांचीच एक जून

महाड, १२ ऑगस्ट २००३

दवाखान्याचा डेटा जुन्या फॉक्सप्रोतून नव्या सिस्टीममध्ये नेला आणि कापडे गावचे दोन संतोष मोरे एकच झाले! नाव, आडनाव, जन्मतारीख सारखी, म्हणून सिस्टीमनेच जोडून टाकले. एकाला पेनिसिलिन चालत नाही, ती नोंदच गेली. नशीब, तो आज खिडकीशी स्वतःच म्हणाला, "ताई, मला ते इंजेक्शन चालत नाय, म्हायती हाय ना?"

पुण्याचा इंजिनीअर फोनवर विचारतो, "इतक्या जणांची जन्मतारीख एक जून कशी?" अहो, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ती! उद्या मीच सगळं जुन्या केसपेपर नंबरावर जोडणार. जमेल, न जमायला काय झालं?

एक जून... माझीही तीच. आई म्हणते, तू भाताच्या लावणीत झालीस. म्हणजे जुलैत! आणि या तारखेवरून म्हणे माणूस ओळखायचा!