पलीकडच्या देवाची पेंढी

दिवाडी बेट,
३० ऑगस्ट १९३६

प्रिय आव्हेलिनो,

जेजूच्या कृपेने मी बरी आहे, तूही असशील. आता तू पाद्री, तुला अहो-जाहो करायला हवं. पण तुझं नाक पुसलेलं आहे मी, जमत नाही.

आफ्रिकेत पाऊस कसा असतो? इथे आता उघडीप आहे. टेकडीवरच्या चर्चपासून खाली खाजनातल्या भातशेतीपर्यंत सगळं हिरवंगार, आणि नदीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे धुऊन ठेवल्यासारखे दिसतात. कणसांचं फेस्त झालं, चर्चमध्ये नव्या भाताला आशीर्वाद मिळाला. बँडवाले यंदाही बेसूर.

पापांची माती कशी झाली, विचारलंस. छान झाली. चर्चचे विगार चांगलं बोलले. आईच्या शेजारीच जागा मिळाली.

शेवटी पापा तुझ्याबद्दल काही म्हणाले का, असंही विचारलंस. त्याचं उत्तर लिहायला दोनदा बसले, दोनदा टाळलं. आता लिहिते.

नदीपलीकडच्या देवळातल्या देवाला नव्या भाताची पेंढी पाठवणं पाप आहे, ते थांबवा, असं तू लिहिलंस ना, ते पापांनी माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाले, "देव गेला पलीकडे, आपण राहिलो इथे. गेलेल्या शेजाऱ्याला कणीस पाठवायला परवानगी कसली?" पण तुझं ऐकलं त्यांनी. दोन सुगी पेंढी गेली नाही. नव्या भाताच्या दिवशी बांधावर जाऊन पलीकडे देवाच्या नार्व्याच्या बाजूला बघत बसायचे. जेवायला हाका मारून मी थकायची.

जुलैत अमावास्येच्या भरतीला मानशीजवळ, पाणी अडवणाऱ्या दारांपाशी, बांध फुटला. खारं पाणी शेतात घुसलं. पापा अंथरुणाला खिळलेले. मी आणि गावची चार माणसं काय करणार? तेवढ्यात नार्व्याहून होड्या आल्या, बांधासाठी चिखलाने भरलेल्या. पुढे तिथल्या देवळाचा फटी गांवकर. आम्ही कुणी बोलावलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बांध उभा राहिला.

फटी चिखलाच्या अंगानेच पापांना भेटायला आला. पापा म्हणाले, "फटी, दोन वर्षं कणीस आलं नाही रे."

तो म्हणाला, "कणीस नाही आलं, पण खारं पाणी तर आलं ना? मग आम्ही येणारच."

पापा हसले. आजारपणात पहिल्यांदा. मग मला म्हणाले, "आव्हेलिनोला सांग, आपल्या पूर्वजांतला बाप्तिस्मा घेतलेला आणि देव उचलून नदीपार गेलेला, दोघे सख्खे भाऊ होते. हे त्याला माहीत आहे. तो विसरलेला नाही, घाबरलाय." त्या आठवड्यातच गेले.

तुला तरी आठवतं का रे? पापांच्या मांडीवर पेंढी कवटाळून तू होडीत बसायचास, मला हात लावू द्यायचा नाहीस. फटीची आई तुला गूळ-चुरमुरे द्यायची. एकदा तू देवळाच्या पायरीवरच झोपलास, आणि पापांनी तुला खांद्यावर टाकून आणलं. सगळा रस्ता तुझी लाळ त्यांच्या सदऱ्यावर.

तर, या वर्षी मी एक पेंढी चर्चमध्ये आशीर्वादाला दिली आणि दुसरी घेऊन होडीत बसले. देवळात गेले नाही, बाहेरच उभी राहिले. फटीची आई आता वाकलीय. पेंढी घेताना रडली.

"तुझा पाद्री भाऊ रागावेल ना गो?"

"रागावेल," मी म्हटलं.

"रागावू दे. आम्ही त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलंय. तिकडचा ताप वाईट असतो म्हणतात."

आव्हेलिनो, मी विगारांकडे याची कबुली दिलेली नाही, देणारही नाही. पुढच्या वर्षीही जाईन. तुला मान्य नसेल तर कळव, मी वाचेन. पण पापांसारखी ऐकणार नाही. पापांच्या आत्म्यासाठी मीस म्हणशील तेव्हा त्यांचं पूर्ण नाव घे, आणि जमलं तर फटीच्या आईसाठीही एक प्रार्थना कर. तिने तुझ्यासाठी केली, तेव्हा तुझा धर्म विचारला नाही.

पापांच्या जागी आता बांध राखणारी,
तुझी थोरली बहीण
फेलिसिदाद