कडी आतून

८ जानेवारी २००७, सोमवार

हुश्श! आजही ऑफिसात कुणी काही विचारलं नाही.

पण नशिबाची थट्टा तरी किती! बारा वर्षं वन बीएचके नि टू बीएचकेचे नकाशे काढून काढून हात झिजला माझा, आणि आता आमच्या ऑफिसला काम कसलं मिळावं? जेलचं! कुठल्याशा जिल्ह्यात नवीन कारागृह होतंय, त्यातला बायकांचा विभाग आमच्याकडे. जितेंद्र सर सकाळपासून हवेत. भाईंदर पश्चिमेला फरसाणवाल्याच्या डोक्यावर बसलेलं आमचं ऑफिस, त्याला सरकारी काम म्हणजे लॉटरीच. समोसे मागवले सगळ्यांना. "उर्मिला, नकाशे तू काढ. तुझा हात साफ आहे."

समोसा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. माझी सख्खी धाकटी बहीण गेल्या महिन्यापासून जेलात आहे, आठवा महिना लागलाय तिला, आणि मी तसल्याच भिंती काढायच्या!

नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. हो म्हणाले.

१० जानेवारी, बुधवार

क्षितिजाचा गुन्हा काय? नवऱ्याच्या कंपनीच्या कागदावर सही. बस्स. त्या माणसाचं नाव मी या वहीत लिहिणार नाही, पान बाटेल. बोटीवर नोकरी देतो म्हणून पोरांचे पैसे नि पासपोर्ट घेतले आणि एक दिवस पसार झाला. पोलिसांना तो सापडेना, मग भागीदार म्हणून हिला उचललं. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. आता हायकोर्ट.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रत्नागिरीकडे गावात एकटी. तिला सांगितलंय की डॉक्टरांनी क्षितिजाला आडवंच राहायला सांगितलंय, नर्सिंग होममध्ये ठेवलंय, तिथे मोबाइल चालत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून हे काय, म्हणून ती फुगलीय माझ्यावर. तरी रोज संध्याकाळी फोन आहेच. "सुटली का गं?"

बाळंतपणाचंच विचारते बिचारी. मला मात्र दर वेळी जेलचं दारच दिसतं. "नाही आई, अजून नाही सुटली."

त्यात खोटं एक अक्षर नाही!

१३ जानेवारी, शनिवार

सरांनी झेरॉक्सचा गठ्ठा दिलाय — जगभरातले तुरुंग कसकसे बांधत आले. "जरा वाच, डोक्यात पडू दे." रविवारी वाचायला घरी आणला. नवरोबा नीलेश म्हणाला, "तुला काय हौस आहे गं!" पण मग तोही वाचत बसला.

पूर्वी म्हणे तुरुंग म्हणून वेगळं काही बांधतच नसत. किल्ल्यातलं एखादं तळघर, बुरुजातली खोली, कोठार. जिथे उजेड येत नाही तिथे माणूस कोंबायचा. ठाण्याचं जेलसुद्धा मुळात किल्लाच की. नकाशा काढून, डोकं लढवून तुरुंग बांधायला लागले ते गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. लंडनला एक बांधला त्याच्या दारावर दगडी बेड्या कोरून ठेवल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला धडकी भरावी म्हणून. घ्या! दर्शनी भागाची सजावट!

मग कुणा इंग्रजाला सुचलं — गोल इमारत, कडेने कोठड्या, मधोमध मनोरा. मनोऱ्यातल्या माणसाला सगळे दिसणार, तो कुणालाच दिसणार नाही. तो बघतोय की जेवायला गेलाय, काही कळायचं नाही. नीलेश म्हणाला, "म्हणजे आपल्या हंसाबेन!" समोरच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन. दिवसभर खिडकीत. परवाच विचारत होत्या, "क्षितिजा आजकल दिखती नहीं?" किती दिवसांनी आम्ही दोघं खो खो हसलो.

१६ जानेवारी, मंगळवार

भेटीला गेले. तिळगूळ आत नेऊ दिला नाही. मधे दोन जाळ्या, सगळ्या जणी एकदम ओरडतात, कान लावून लावून ऐकायचं.

पण बरी आहे! गाल भरलेत जरा. अनसूया म्हणून कुणी जुनी बाई आहे आत, ती रोज हिचे पाय चेपून देते. स्वतःच्या वाट्याचं दूधही देते. ऐकून इतकं हलकं वाटलं मला. त्या अनसूयेने काय केलं असेल ते असो, माझा तिला दंडवत.

"खिडकी आहे ताई, पण डोक्याच्या वर. नुसतं आकाश दिसतं. जमीन दिसतच नाही." हे दोनदा म्हणाली. आणि संडासाचं दार अर्धं, कडी नाही. "एक गेली की बाकीच्या पाठ करून बसतात. कुणाला सांगावं लागत नाही."

निघताना मात्र रडली. बाळंतपणाला सिव्हिलला नेतात, पण परत तिथेच आणतात ना! "माझं बाळ इथलं म्हणतील ताई. जन्मभर म्हणतील." मी म्हटलं, वेडाबाई, जन्माच्या दाखल्यावर जेल लिहायचं नाही असं कोर्टानेच सांगितलंय, वकील म्हणाले. तर म्हणते, "दाखल्यावर नसेल. लोकांच्या तोंडावर?"

तिने जेलात बाळंत व्हायचं नाही, बस्स. देवा, एवढं एकच कर.

१७ जानेवारी, बुधवार

आज दिवसभर गज काढले. एक काढायचा आणि कॉपी, कॉपी, कॉपी.

१९ जानेवारी, शुक्रवार

गठ्ठ्यातलं पुढचं वाचलं. अमेरिकेत एकदा काही सज्जन लोकांनी ठरवलं, मारहाण नको, माणसाला एकटं ठेवा, शांत ठेवा, म्हणजे त्याला पश्चात्ताप होईल. प्रत्येकाला वेगळी कोठडी, वेगळं अंगण, छताला उजेडासाठी एक भोक. बाहेर काढताना डोक्यावर टोपडं, शेजारी कोण आहे ते कळू नये म्हणून. झालं काय? कितीतरी जणांना वेड लागलं. चांगलं करायला निघालेली माणसं!

आणि आपलं अंदमान. मधल्या मनोऱ्यापासून सात हात पसरलेले, आणि एका हाताच्या कोठड्यांच्या तोंडासमोर दुसऱ्या हाताची पाठ. कुणाला कुणाचं तोंड दिसणार नाही. काढणाऱ्याने हे पट्टी-पेन्सिल घेऊन नीट बसून काढलं असेल. माझ्यासारखंच. चहा पीत.

संगणक बंद करून घरी आले. मग जेवतानाच ठरवलं. बराकीची खिडकी खाली घ्यायची. बाई खाली बसली तरी जमीन दिसली पाहिजे. कुणी विचारलं तर बघू.

२३ जानेवारी, मंगळवार

आज जी शोभा झाली! लिहिताना पण कान तापलेत.

जेल खात्याच्या मॅडम आल्या होत्या नकाशे बघायला. उंच, चष्मा, आवाज करडा. पान उलटता उलटता थांबल्या. "हे दार कुणी काढलंय?"

मी म्हटलं, मी.

"बराकीच्या दाराला कडी आतून?"

अगं बाई! बारा वर्षांची सवय. आमच्या फ्लॅटचं मेन डोअर मी उचलून तसंच्या तसं बराकीला चिकटवलेलं. कडी आतून. पीप होल. आणि बेलचं बटण! जेलच्या बराकीला डोअरबेल!

सर आधी पांढरे पडले, मग त्यांना हसू आवरेना. "म्हणजे कैदी आतून कडी लावून बसणार आणि जेलर बेल वाजवणार? कोण आहे? दूधवाला!" मॅडमसुद्धा हसल्या. सगळं ऑफिस हसलं. मीही हसत होते, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मग सगळं सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. क्षितिजा, आठवा महिना, वरची खिडकी, अर्धं दार.

मॅडमनी चष्मा पुसला. मग पान परत पुढे ओढलं आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "मेन दाराची कडी बाहेरून. बेल काढा. खिडकी खाली घेतली आहे ती मुद्दाम?" मी मान हलवली. "पुढे अंगण आणि त्याच्यापुढे मोठी भिंत आहेच. राहू दे. जाळी बारीक घाला. संडासाच्या कडीचं मी वर विचारते. वचन देत नाही."

गेल्यावर सर म्हणाले, "आधी सांगायचं ना. दुसऱ्या कुणाला दिलं असतं काम."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हायकोर्टाच्या तारखेला सुट्टी घे. विचारू पण नकोस."

महिनाभर छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. आज उतरला. जेवले पोटभर.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

जामीन मंजूर!! जामीन मंजूर!! वकील काळ्या कोटात धावत बाहेर आले. नीलेशने कोर्टाच्या पायरीवरच त्यांना मिठी मारली.

पण कागद आज जेलात पोचत नाहीत. सोमवार उजाडणार. नववा लागलाय. बाळा, दोन दिवस दम धर रे. धर गं. जे काय असशील ते!

४ फेब्रुवारी, रविवार

सगळं घर घासून काढलं. पडदे पण धुतले. बसवतच नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

सुटली.

नीलेशचा जेलच्या दारातून फोन — "सुटली गं, माझ्या शेजारी उभी आहे, वडापाव मागतेय." मला काही सुधरेना. तेवढ्यात फोन वाजला, आईचा, रोजचा. "सुटली का गं?" आणि मी वेड्यासारखी ओरडले, "सुटली आई! सुटली!"

"अगो बाय माझे! काय झालं?"

"काही नाही झालं, सगळं नीट आहे —"

"अगो, मुलगा की मुलगी?"

बोंबला! "ते… म्हणजे आई…" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

क्षितिजा आली, वडापावचा तेलकट कागद हातात. आंघोळीला गेली आणि आतून कडी लावली. तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले. तासभर बाहेर आली नाही. नीलेश म्हणाला, ठोठावू का? म्हटलं, खबरदार!

६ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन, सकाळीच. मलाच झापायला! "मुलगी झाली म्हणून सांगायला जीभ अडखळते तुझी? शिकलेली ना तू? लाज नाही वाटत?"

मी अडखळले म्हणून तिने ठरवूनच टाकलं — मुलगी. आणि काल रात्रीच दुकान उघडायला लावून सगळ्या वाडीत बर्फी वाटली! मुलगा असता तर पेढे, मुलगी म्हणून बर्फी. शेजारच्या गोदूबाईच्या सुनेने तर झबलं शिवायला घेतलंय.

क्षितिजा पोट धरून हसत होती. "ताई, मला हसवू नको, आत्ताच होईल!" जेलातून आल्यावर पहिल्यांदा हसली पोरगी. मग म्हणाली, "पण आता आईला खरं सांगावं लागणार."

हो. आई एसटीचं तिकीट काढून मोकळी झालीय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आली. डिंकाचे लाडू, अळीव, वेखंड, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं बोचकं घेऊन. दारात क्षितिजा उभी, पोट तसंच पुढे. आई तिच्याकडे बघते, पोटाकडे बघते, माझ्याकडे बघते. "ही बर्फी मग कुणाची वाटली मी?"

पाणी दिलं. बसवलं. मग मी सांगितलं. सही, पोलीस, जेल, सगळं. क्षितिजा खाली मान घालून नखं कुरतडत होती. मला वाटलं आई कपाळ बडवून घेईल. वेळ आली तर द्यायची म्हणून बीपीची गोळी पण मुठीत धरून ठेवली होती मी.

काही नाही. उठली, मोरीवर जाऊन पाय धुतले. जेवली नाही. क्षितिजाच्या पायाशी अंथरूण घालून, भिंतीकडे तोंड करून झोपली.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहा पिताना, बशीत फुंकर घालत, आई क्षितिजाला म्हणाली —

"दारूबंदी होती तेव्हा. तुमची आजी, माझी आई, काजूच्या बोंडूची दारू गाळताना सापडली. मी पोटात होते. जेलातच झाले मी. तुमच्या बाबांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझं आनंदी हे नाव तिथल्या पहाऱ्यावरच्या जमादारणीने ठेवलंय."