कुणाची गं तू?

आबा, तुमच्या त्या लोखंडी खुर्चीबद्दल लिहायचंय. एमआयडीसीतल्या दूध प्लँटच्या गेटवर ती टाकून बसायचात, तोंडात तंबाखूचा बार, आणि कामावर कुणाला घ्यायचं ते ठरवायचात. सुपरवायझर म्हणे! समोरच्याला काय येतं, हे तुम्ही विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही. "कुणाचा रं तू?" बाप ओळखीचा निघाला की पोरगा आत. मी काटेवाडीहून सायकलवर तुमचा डबा घेऊन यायचे. एकदा तिथं एक पोरगी उभी होती, हातात कॉम्प्युटरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. तुम्ही त्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "कुणाची गं तू?" तिनं स्वतःचं नाव सांगितलं. "नाव न्हाय इचारलं. कुणाची हायस? जा, बापाला घिऊन ये." ती सर्टिफिकेट ओढणीखाली झाकून निघून गेली आणि तुम्ही डबा उघडून म्हणालात, "ठेचा न्हाय व्हय आज?" मला तुमची किळस आली होती. आजही येते. माणूस मेला म्हणून गोड बोलायचं, हे मला जमणार नाही.

मी कॉम्प्युटर शिकायला निघाले तेव्हा "काय दिवे लावणारंय ही" म्हणालात. लावले की! बारामतीत एका खोलीत बसून मी कॉम्प्युटरचं काम येणाऱ्या बायकांसाठी नोकरीची वेबसाइट उभी केली, तीही कोडची एक ओळ न लिहिता. स्क्रीनवर तयार खोके मिळतात, ते ओढून हवे तिथं ठेवायचे. "मंजी रांगोळीच की," असं हिणवलं असतंत तुम्ही. असेल रांगोळी. पण इथं बाईला कुणी 'कुणाची' म्हणून विचारणार नाही, हे मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत फिरले.

गेल्या महिन्यात डाळजवरनं एका बाईचा फोन आला. सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं, घरून करण्याजोगं, आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. "ताई, एक खानं लाल व्हतंय, म्होरं जाऊच दिना." बघितलं तर 'वडिलांचे किंवा पतीचे नाव', भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. "बापानं दार लावून घेतलं, नवऱ्याला मी सोडलाय. कुणाचं लिवू?" तो खोका मीच ठेवला होता, पहिल्याच दिवशी. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेपासून प्रत्येक अर्जावर असतो, म्हणून हात आपोआप गेला. मी म्हणायला हवं होतं, थांब बाई, काढते. पण आबा, तोंडातून आलं ते, "डाळजमधली कुणाची गं तू?" मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. तुमचं बी तसंच हाय." आणि फोन ठेवला.

खोका मी तिथल्या तिथं काढला. दोन मिनिटं लागली. पाच वाजले, तिचा अर्ज आला नाही, जागा दुसरीला गेली. आज तसंच दुसरं काम आलंय, तिला जमेल असं. तिचा नंबर समोर आहे. सकाळपासून तीनदा काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला, आणि तिला फोन करायचा सोडून हे तुम्हाला लिहीत बसलेय, जे टेबलाच्या खणातच जाणार आहे. तुमची किळस येते असं वर लिहिलंय, ते खोडणार नाही. पण अनोळखी बाईशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला तुमच्याकडून शिकलेलं तेवढंच येतं.