परिचय करून देणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असावं

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडलं नसशील, मला ठाऊक आहे. आधी भाजी चिरली असशील, कपडे वाळत घातले असशील, मग कधीतरी बसली असशील. चालेल. पण बसलीच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस. तर ऐक. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या ग्रंथालयाच्या सभागृहात तुझं भाषण आहे. पत्रक छापून दारावर लागलंसुद्धा. तुला न विचारता लावलं, हो. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, अकरा वर्षं तेच तर म्हणते आहेस. यंदा मला एकच गोष्ट हवी आहे, तू येणं. बाकी सगळं माझ्याकडे आहे, गुडघेदुखी धरून.

चिडून झालं असेल तर पुढचं सांगते. ग्रंथालयाला यंदा दीडशे वर्षं झाली. म्हणून आम्ही वाचकांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं की आजवर इथे बोलून गेलेल्यांपैकी पुन्हा कुणाला ऐकायचंय. तू पहिली आलीस. ते जाडजूड कादंबऱ्यावाले गृहस्थ, ज्यांना श्रोत्यांचं खोकणंही खपायचं नाही, ते चौथे. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. सभागृह तू पाहिलंस तसंच आहे. त्याच उंच खिडक्या, भिंतभर पुस्तकं, वरच्या सज्जात जाणारा लोखंडी गोल जिना, आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या करकरणाऱ्या खुर्च्या, ज्यांवर नेमके सर्वांत चुळबुळे लोक येऊन बसतात. आमचे दारवान कुलूपकाका निवृत्त झाले, पण कार्यक्रम असला की येतात आणि नव्या माणसाला किल्ली कशी फिरवायची ते शिकवत उभे राहतात. भाषणं आता घरबसल्या बघायचीही सोय झाली आहे. गेल्या महिन्यात एक कवयित्री तासभर बोलली आणि कॅमेरा सबंध वेळ पाण्याच्या तांब्यावर होता. तरी तिघांनी कार्यक्रम आवडल्याचं कळवलं.

आमचा तो नियम तुला आठवत असेलच. पाहुण्या लेखकाचा परिचय इथे प्राध्यापक करून देत नाही, अध्यक्ष नाही, देणगीदार तर नाहीच. ज्या वाचकानं ते पुस्तक आमच्याकडून घरी नेलंय, संपवून परत केलंय आणि ज्याच्या नावापुढे नोंदवहीत परतीचा शिक्का आहे, तोच उभा राहतो. नियम जुना, पण त्याची अंमलबजावणी कडक केली ती मी. चाळीस पानं वाचून आलेल्या एका बड्या वक्त्याला मी जिन्याच्या पायरीवरून परत पाठवलंय आणि त्याच्या जागी एका शिंप्याला उभं केलंय. शिंप्यानं पाच मिनिटांत असं काही सांगितलं की लेखिका स्वतःच वही काढून लिहून घ्यायला लागली. मी नाकावर माशी बसू देत नसे तेव्हा. पुस्तक न वाचता बोलणाऱ्याला मी चोरच म्हणायचे, आणि तेही चारचौघांत.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहायलाच हवं. आईच्या शेवटच्या पाच महिन्यांवरचं तुझं पुस्तक आलं, आमच्या सभागृहात तुझं भाषण ठरलं, आणि परिचय करून देणार होत्या त्या नर्सबाई दुपारी तापानं फणफणल्या. दुसरं कुणी शोधायला वेळ होता, खरं सांगते, होता. पण सगळे म्हणाले, सख्खी बहीण असताना आणखी कोण हवंय? आणि मी उठले. मी दोन प्रकरणं वाचली होती आणि पाठीमागचा मजकूर. तेवढ्या भांडवलावर मी बोलत सुटले. बोलता बोलता म्हणाले, शेवटच्या प्रकरणात दोन्ही मुलींच्या मध्ये शांतपणे डोळे मिटणारी आई वाचून मला रडू आवरलं नाही. दुसरी रांगसुद्धा करकरली नाही. तू माइकपाशी आलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "माझ्या पुस्तकात आई मरत नाही, ताई."

पुढे तू चाळीस मिनिटं इतकं छान बोललीस की लोकांना माझा विसर पडला. मला नाही पडला. तुझ्या पुस्तकात शेवटी आई खिडकीपाशी बसून चष्मा मागते, हे मला त्या दिवशी तुझ्याच तोंडून, दोनशे माणसांबरोबर कळलं. सह्या करून झाल्यावर तू बाहेरच्या पायऱ्यांवर थांबलीस. मी काहीतरी सारवासारव करायला गेले, तर म्हणालीस, "तू आईकडे आली नाहीस त्याचं काही नाही गं. पण वाचलंसुद्धा नाहीस?" त्यानंतर वाढदिवसाला चार ओळी आणि लग्नाकार्यात लांबून हसणं, एवढंच आपल्यात उरलं.

का वाचलं नव्हतं, ते तुला कधी सांगितलं नाही. वेळ नव्हता असं नाही, मी रोज झोपण्यापूर्वी कुणाची ना कुणाची पन्नास पानं वाचते. मी घाबरले होते. आई तीन तासांच्या अंतरावर होती आणि पाच महिन्यांत मी दोनदा आले. दर वेळी तुला फोनवर सांगायचे, कार्यक्रम आहे, पाहुणे येताहेत, पत्रकं जायची आहेत. कार्यक्रम असायचे, पण त्यातले निम्मे माझ्यावाचूनही पार पडले असते. आपल्या दोघींना एका हाताने उचलणारी आई उशीला टेकून बसलेली मला बघवत नव्हती, म्हणून मी खुर्च्या मांडत बसले. तू मात्र नोकरीवर पाणी सोडून तिथे राहिलीस. मग त्या पुस्तकात तू माझ्याबद्दल काय लिहिलं असशील याची मला खात्रीच होती. तू दिलेली प्रत मी कपाटात चादरींखाली ठेवली. चादरी बदलताना तिला हात लागला की मी वर आणखी एक चादर घालायचे.

आणि गंमत बघ, या अकरा वर्षांत वाचक मला गाठून म्हणायचे, ताई, आईचं किती केलंत तुम्ही! एकीनं तर जिन्यात माझा हात हातात घेतला. मला वाटायचं, माझ्या त्या फजितीवर लोक पांघरूण घालताहेत. काहीजण टोमणा मारताहेत असंही वाटायचं. मी मान डोलवून पुढच्या कामाला लागायचे.

या वर्षी नवीन ग्रंथपालबाई आल्या आहेत. वयानं माझ्या निम्म्या आणि शिस्तीनं दुप्पट, म्हणजे मला आवडल्याच. तुझं नाव निघाल्यावर त्यांनी मला विचारलं, परिचय तुम्ही करणार ना? मी हो म्हणाले. त्यांनी शांतपणे नोंदवही उघडली, त्या पुस्तकाच्या पानावरून बोट खाली नेलं आणि म्हणाल्या, यात तुमचं नाव दिसत नाही. माझाच नियम, माझ्याच टेबलावर. मला इतकं हसू आलं की त्या गोंधळल्या. घरी प्रत होती, काखेत कळसा, पण मी तिथल्या तिथे माझ्या नावावर पुस्तक काढलं आणि वाचनकक्षात जाऊन बसले. वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा आणि मी. तीन दुपारी लागल्या. कुठे कुठे हसलेसुद्धा, कारण आई कशी बोलायची ते तू हुबेहूब पकडलंयस. मग एकशे बारावं पान आलं. रोज संध्याकाळी आई विचारते, मोठी आली का? आणि तू सांगतेस, आली होती, तुझा डोळा लागला होता, उशी नीट करून गेली. आई शेजारणीला अभिमानानं सांगते, माझी मोठी रोज येते. ते खोटं आहे असं तू पुढे कुठेही लिहिलं नाहीस. एका ओळीतही नाही. समोरच्या आजोबांनी मला पाणी आणून दिलं.

म्हणून हे पत्र. पुस्तक मी परत केलंय, माझ्या नावापुढे शिक्का बसलाय, तेव्हा शनिवारी परिचय मीच करून देणार. या पुस्तकात फक्त एक गोष्ट खोटी आहे, आणि ती तू आधी आईसाठी आणि मग माझ्यासाठी लिहिलीस. अकरा वर्षं मी ज्याला आरोपपत्र समजून चादरींखाली दडपलं, त्यात तू मला रोज आईच्या उशाशी नेऊन बसवत होतीस. मी फुकटचं कौतुक खूप खाल्लं, आता पचत नाही. माझं पहिलं वाक्य ठरलंय: या पुस्तकातली मोठी मुलगी मी आहे, आणि मी रोज गेले नव्हते. तुला हे लोकांसमोर यायला नको असेल तर ये आणि मला थांबव, तू हात वर केलास की मी गप्प बसेन. चालणार असेल तरीही ये. तू समोर नसताना मला हे बोलायचं नाही.

तुझीच,
सगळी पानं वाचलेली ताई