छोटीच्या घराचा पाया

८ नोव्हेंबर १९८७, बेटेगाव

जीवदानी आईच्या कृपेने सुखरूप पोहोचलो. बोईसर स्टेशनावर रामा सायकल घेऊन उभा होता. सातवीपर्यंत आम्ही वैतरण्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. आता तो इथल्या एका कारखानदार शेठच्या बंगल्याची देखरेख करतो. त्यानेच शब्द टाकून मला हे काम मिळवून दिले. बंगल्यामागे चिकूची झाडे आहेत, त्यांच्यामध्ये शेठच्या मुलीसाठी, छोटीसाठी, खेळघर बांधायचे. मोठ्या माणसाने वाकून शिरावे एवढेच. उभे आयुष्य गवंडीकामात गेले, पण इतके गोड काम कधी हाती आले नव्हते. मुलगी आजोळी गेली आहे म्हणे. काम झाले की मला इथेच कायमची राखणदारी आणि राहायला खोली. मंजुळेलाही आणता येईल. रामा म्हणाला, वहिनीला सांग, आता चुलीपुढे डोळे चोळणे संपले, आणि रोज नवऱ्याचे तोंड बघायची शिक्षा सुरू. बऱ्याच दिवसांनी इतका हसलो.

१० नोव्हेंबर

आज भूमिपूजन झाले. शेठच्या घरात यंदा कुणी वारले आहे, म्हणून त्यांना पूजेला बसता येत नाही. रामा म्हणाला, तू देवाचा माणूस, तूच यजमान हो. गवंड्याला हा मान कोण देतो? मन भरून आले. बायको शेजारी नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात. भटजींनी मंजुळेच्या नावाची सुपारी ठेवली आणि नंतर ती ईशान्येच्या कोपऱ्यात पुरली. मला माझे गोत्र ठाऊक नव्हते, त्यांनी कश्यप घातले. पूजा संपल्यावर शेठाणीबाई माझ्या पाया पडल्या. मी ओशाळून मागे सरलो. भटजी प्रसादालाही थांबले नाहीत.

१३ नोव्हेंबर

कडेने मुरूम लागला, पण मधली माती भुसभुशीत आहे, भरावाची. रामा म्हणाला, जुना शोषखड्डा असेल, दगड जास्त घाल. माती उचलायला ठमी येते, फटकळ बाई. सकाळी मला विचारत होती, काका, बाहुलीचं लगीन कवा, आमाला जेवाण हाय का नाय? दुपारी मी सहज म्हटले की छोटी आजोळहून आली की बघू. तिचे हसणे थांबले. म्हणाली, कंची छोटी? ती तं पावसाळ्यात हितल्याच विहिरीत गेली. शेठनं विहीर बुजवली, आन तुमी तिच्यावरच पाया घालताव. घमेले तिथेच टाकून ती निघून गेली. मला खरे वाटेना, संध्याकाळपर्यंत दगडाचा थर रचला.

१४ नोव्हेंबर

काल रचलेला दगडाचा थर आज मधोमध उघडा. दगड बाजूला नीट मांडलेले, लहान मूल शिरेल एवढी वाट. ओल्या सिमेंटच्या मालावर बोटे उमटली आहेत. आतल्या बाजूने. पुन्हा थर लावला. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, पायाच्या चरातून बोबडा आवाज आला. कश्यप गोत्र, चिंधू. भूमिपूजनात भटजींनी घेतले तसेच माझे नाव. मी देवीचे नाव घेऊ लागलो.

तो आवाजही माझ्याबरोबर नाव घेऊ लागला.

१६ नोव्हेंबर

रामाला धरले. त्याने नाकारले नाही. पावसाळ्यापासून छोटी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसते. शेठच्या धाकट्या मुलालाही ओढू लागली होती. भगताने सांगितले, तिला घर द्या, आणि रीतसर पूजेला बसलेले आईबाप द्या. शेठ-शेठाणी बसायला तयार नव्हते. रामाने माझे नाव सुचवले. जमिनीकडे बघत म्हणाला, तुला मूल नाय, तिला आईबाप नाय, तुझं काय जातं?

एका बाकावर बसायचो आम्ही. त्याच्या आजारपणात मी त्याच्यासाठी नवस केला होता.

१७ नोव्हेंबर

निघालो. फाटकाबाहेर पाऊल टाकले तर ते चरात पडले. पुन्हा गेलो. पुन्हा चरात. रामा पहाटेच वैतरण्याला गेला — मंजुळेला आणायला. तिने यायला नको. लग्न झाल्यापासून दर नवरात्रात तिने ओटी भरून एकच मागितले. तिला कुणी आई म्हटले तर ती ओ देईल. ती सुपारी काढली पाहिजे, म्हणजे तरी ती सुटेल.

१८ नोव्हेंबर

ईशान्येचा कोपरा फोडला. सुपारी नाही. कोपरापर्यंत हात घातला — माती गार — खालून कुणी माझे बोट धरले. लाडाने धरावे तसे. सोडवले. देवी, मला घे. मंजुळेला सोड.

१९ नोव्हेंबर

आली. रामा तिला फाटकातून आत सोडून मागे वळला. माझ्याकडे बघितलेही नाही. मी ओरडलो, ओ देऊ नकोस, कुणी काही म्हटले तरी — तिने पिशवी खाली ठेवली, चिकूच्या झाडांकडे वळली, आणि —

ओ दिली.

दार लावून बसलो आहे. बाहेर दोघींचे हसणे. एवढे हसताना तिला कधी —

मंजुळा फणी शोधायला आत आली. कडी लावलेलीच होती. म्हणते, पोरीच्या केसांत केवढा चिखल झालाय, आणि तुम्ही लिहीत काय बसलात, चला, ती केव्हापासून तुम्हाला —