भाराभर चिंध्या

ताई,

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांना मी बाळाला श्वास द्यायला शिकवतेय, हे ऐकून तू फोनवर हसलीस. "एक ना धड, भाराभर चिंध्या," म्हणालीस. तू मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन, तुझ्याकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस. आमच्या दवाखान्यात नर्स मी आणि ड्रायव्हरदादा, आम्ही दोघंच.

आज सकाळी एक बाई बाळंत झाली. बाळ रडेना आणि आईचं रक्त थांबेना. मला हात दोनच. मी आईला धरलं आणि म्हटलं, "दादा, बाळ तुमचं."

सरावाच्या रबरी बाहुलीसमोर लाजणाऱ्या त्या माणसाने बाळाला पुसलं, मान सरळ केली, तोंडावर मास्क धरला आणि श्वासाचा फुगा दाबू लागला. जुन्या गाडीचा भोंगा दाबतात तसा, पण अगदी हलक्या हाताने. मीच तसं शिकवलं होतं.

बाळाने भोकाड पसरलं.

"सिस्टर, हॉर्न वाजला," दादा म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले. तोवर रक्तही थांबलं होतं.

हे पत्र टाकणार नाही. थोरल्या बहिणीला तोंडावर हरवू नये. पण बाळ आता आईच्या कुशीत झोपलंय, जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या दुपट्यात. चिंध्याच त्या, ताई. ऊब मात्र बघ.

तुझी,
एक ना धड धाकटी